तवंदीचा घाट आणि रेडिएटरचे पाणी

निपाणीहून संकेश्वरकडे निघालेल्या मालमोटारीस गाव मागे पडताच थोड्याच अंतरावर तवंदीचा घाट लागतो. स्तवनिधीच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या समाजबांधवांस हा चढ चांगला परिचित आहे. पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी होण्यापूर्वीच्या काळात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, बॉनेट उघडून वाफा सोडीत उभे असलेले दोन-चार ट्रक या घाटात दिसावयाचेच. रस्त्याने जाणारे लोक म्हणत, ‘घाटाने गाडी तापविली.’ आम्हीही तसेच म्हणत असू. पुढे जो प्रसंग आमच्यावर गुदरला त्याने आमचे हे मत पालटले.

आमच्या पेढीचा एक ट्रक तेव्हा तंबाखूची पोती घेऊन दक्षिणेकडे जात असे. ड्रायव्हर अनुभवी व मितभाषी होता. पंख्याचा पट्टा झिजला आहे, बदलावयास हवा, असे त्याने दोनदा सांगितले. मोसमाचे दिवस होते, माल वेळेवर पोचणे अगत्याचे होते. आम्ही दोन्ही वेळा ‘पुढच्या फेरीला पाहू’ असे उत्तर दिले. त्या दुपारी घाटाच्या मध्यावर काटा तांबड्या खुणेपलीकडे गेला. खोळंबा झाला तर मालक रागावतील या धास्तीने त्याने गाडी निवण्याची वाट न पाहता रेडिएटरचे झाकण उघडले. उकळते पाणी व वाफ कारंजासारखी उसळली आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत व मानेची एक बाजू भाजून निघाली. इंजिनचे हेडही तडकले. पट्ट्याची किंमत किरकोळ होती. इस्पितळात आम्ही त्याच्या खाटेजवळ उभे राहिलो तेव्हा त्याने पट्ट्याचे नावही काढले नाही. माल कोठे उतरविला, एवढेच विचारले.

तेव्हापासून या विषयाची जी माहिती मिळविली ती व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. जवळपास तितकीच उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली बव्हंशी पाण्याला वाहून न्यावी लागते. जुन्या हिशेबाने बोलावयाचे तर रुपयातले पाच आणे चार पै पाण्याच्या खाती पडतात. पंप ते पाणी इंजिनच्या ब्लॉकमधून फिरवून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणतो आणि तेथे पंख्याचा व समोरचा वारा ते निववितो. या फेऱ्यात कोठेही अडथळा आला की खाते तुंबते. सपाट रस्त्यावर ही तूट झाकून जाते, घाटात ती उघडी पडते; दोष मात्र बहुधा घाटाच्या पायथ्याशी येण्यापूर्वीच गाडीत शिरलेला असतो.

पहिला दोष पाण्याचाच. आपल्या घरांतून पाणी गाळल्यावाचून कोणी तोंडी लावीत नाही. त्याच घरची गाडी मात्र वाटेवरच्या ओढ्याचे गढूळ किंवा बोअरचे जड पाणी पीत असते. न्हाणीघरातील तांब्याच्या बंबात काही वर्षांनी जो पांढरा कठीण थर धरतो, तसलाच थर इंजिनच्या पोटात धरतो आणि लोखंडाची उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. म्हणून बॅटरीत घालतात तसले शुद्ध पाणी व कूलंट सम प्रमाणात मिसळून भरावे. कूलंट थंड मुलखातील बर्फासाठी असते, आपणास त्याचे काय काम, असे पुष्कळांस वाटते. परंतु त्याने उकळण्याचा बिंदू वर जातो व गंज आवरतो, आणि आपल्या भागात हेच दोन गुण महत्त्वाचे आहेत. नुसते कूलंट भरणेही चूकच, कारण उष्णता वाहण्याची पाण्याची शक्ती त्यात नाही. आणखी एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. साधारणपणे वापरले जाणारे हिरवे कूलंट चवीला गोड व अत्यंत विषारी असते. काढलेले कूलंट गॅरेजच्या दारात उघड्या घमेल्यात राहिले तर कुत्री व गुरे ते चाटतात आणि प्राणास मुकतात. ते तत्काळ झाकणाच्या डब्यात घ्यावे व मुलांच्या हाती लागू देऊ नये.

दुसरा दोष वाऱ्याचा. उसाच्या हंगामात पाचटाचे तुकडे, तंबाखूची धूळ, पोत्यांचा काथ्या व पावसाळ्यातील किडे रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतात. ते काढताना पाणी किंवा हवा इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेस बेताच्या जोराने मारावी. समोरून मारल्यास कचरा आणखी आत रुततो. समोर लावलेले जादा दिवे, पत्र्याच्या पाट्या व शोभेच्या जाळ्या वारा अडवितात. लिंबू-मिरच्यांबद्दल आमची तक्रार नाही, त्यांनी फारशी जागा अडत नाही. पंख्याचा पट्टा दोन चाकांच्या मध्यावर अंगठ्याने दाबला असता अर्ध्या इंचाच्या आसपास लवावा. अधिक लवला तर तो घसरतो, आणि ज्या गाड्यांत पंख्याबरोबर पंपही त्याच पट्ट्यावर चालतो तेथे दोन्ही एकदम मंदावतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडील कित्येक मिस्त्रींचा आवडता इलाज आहे आणि आमच्या मते तो अनर्थकारक आहे. ही लहानशी झडप पाणी सुमारे 80 अंशांपर्यंत तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडते. ती काढली की थंडीत इंजिन योग्य उष्णतेस येत नाही, तेलात गाळ साठतो आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरकडे न वळता आडवाटेनेच फिरू लागते व गाडी उलट अधिक तापते.

चढ लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवले की भार पूर्ण पडतो, परंतु पंप व पंखा मंद फिरतात. काटा चढू लागला तर सुरक्षित जागी थांबून, वाफ येत नसेल व पाणी शाबूत असेल तर, इंजिन एक-दोन मिनिटे रिकामे चालू द्यावे. पाणी फिरत राहून उष्णता उतरते. वाफ फुटली असेल वा पाणी गळून गेले असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, ओतीव लोखंड तडकते.

आता जुन्या मोटारींविषयी थोडे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्यात बनलेली फियाट आणि 2014 साली उत्पादन थांबलेली अँबॅसॅडर आपल्यापैकी काही घरांत अद्याप जिव्हाळ्याने सांभाळलेली आहे. आमच्याकडेही एक फियाट आहे. ती तवंदीचा घाट निमूटपणे चढते. तिची खरी परीक्षा टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी होत आली आहे. गेट पडले, मागेपुढे रिक्षा दाटल्या, की समोरचा वारा नाहीसा होतो आणि मंद चालणाऱ्या पंख्यावरच सारा भार येतो. अशा वेळी इंजिन बंद करून स्वस्थ बसावे. जुन्या पेट्रोल गाडीत ठिणगीची वेळ मागे पडली अथवा कार्बोरेटर पेट्रोल कमी देऊ लागला तरी ती तापते. रेडिएटर धुऊनही गुण येत नसेल तर तिकडे पाहावे. पाण्यात सतत बुडबुडे, तेलास दुधाळ रंग व मागे पांढरा धूर दिसल्यास हेड गॅस्केट गेले असावे.

झाकणाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर असल्यामुळे उघड्या भांड्यातील पाणी येथे 100 ऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते आणि दर चौरस इंचास एका पौंडामागे उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो. स्प्रिंग सैल झाली की हा लाभ बुडतो आणि पाणी पुरेसे असूनही गाडी उकळते. मात्र अधिक दाबाचे झाकण अधिक चांगले, असा हिशेब करू नये. जुन्या कित्येक मोटारींची झाकणे 4 ते 7 पौंडांची असत, अलीकडील गाड्यांची 13 ते 15 पौंडांचीही असतात. नवे झाकण जुन्या रेडिएटरवर बसविले तर त्याचे डाखलेले सांधे सुटतात. झाकणावर दाबाचा आकडा कोरलेला असतो. दुकानात जाताना जुने झाकण बरोबर न्यावे, आकडा ताडून पाहावा, आणि ड्रायव्हरने पट्टा मागितला असेल तर त्याच खेपेस तोही घ्यावा.