निखार लाल कशाने?

लोधिवलीहून प्रबळगड-माथेरानच्या डोंगररांगेकडे निघालात, तर झाडी दाट होते तिथे मान वर करून बघा. शेंड्याशेंड्यांवरून एक लाल ठिणगी उडते, मागोमाग दोन-चार पिवळ्या. हा निखार पक्षी. लाल-काळा तो नर, पिवळी-राखाडी ती मादी. लांबीला बुलबुलाएवढा, अंगाने सडपातळ. जमिनीवर क्वचितच उतरतो. पानांतले किडे, अळ्या टिपत थवा पुढे सरकतो. घरटे कोळ्याच्या जाळ्याने आणि दगडफुलाने असे मढवतो की फांदीची गाठच वाटावी.

पक्ष्यांचे असे लाल-पिवळे रंग बहुधा कॅरोटिनॉईड या रंगद्रव्यांचे असतात. ती पक्ष्याला स्वतः तयार करता येत नाहीत. पान ती बनवते, अळी पान खाते, पक्षी अळी खातो. पिवळ्या द्रव्याचे लाल करायला एक विकर लागते. त्याचे जनुक 2016 मध्ये कॅनरी आणि झेब्रा फिंच या पक्ष्यांत सापडले.

आपलीही गत तीच. बीटा-कॅरोटीन हे याच कुळातले. आपण ते पानांतून, फळांतून घेतो आणि आतड्यात त्याचे अ जीवनसत्त्व होते. डोळ्याच्या पडद्याला अंधुक उजेडात दिसायला तेच लागते. शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, पपई यांत ते भरपूर. पालेभाजीत हिरव्याखाली पिवळा दडलेला असतो, म्हणून कोणी तिला गाजराएवढा मान देत नाही! भाजीला थोडे तेल मात्र हवे. तेलाशिवाय ते नीट शोषले जात नाही.

गाजर-पपईचा अतिरेक केला तर तळहात पिवळे होतात. रुग्ण कावीळ समजून घाबरून येतो. डोळ्यांचे पांढरे पांढरेच असेल, तर बहुधा ती कावीळ नव्हे.

अ जीवनसत्त्वाच्या औषधाचे तसे नाही, जास्त झाले तर बाधते. म्हणून सरकारी डोस कार्डावर लिहूनच देतात: नवव्या महिन्यात 1 लाख युनिट, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख. पहिला डोस गोवराच्या लसीबरोबर होतो. पुढचे बरेचदा राहतात. कार्ड काढून बघा.

दिवेलागणीला मूल ठेचकाळू लागले, समोरची वाटी चाचपू लागले, तर चष्म्याच्या दुकानात नेऊ नका. दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणा.