वाटीभर भात म्हणजे नक्की किती?

'जेवणात एक वाटी भात घ्या,' आहारतज्ज्ञ सांगतात आणि आपण मान डोलावतो. कुठली वाटी, हे कोण विचारतंय! आमटीची, श्रीखंडाची, की माळ्यावरची ती भलीमोठी काशाची?

बरं, वाटी एकच ठरवली तरी भात ऐकत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात तिथल्या एका कपात लांब दाण्याचा भात १५८ ग्रॅम बसतो, मध्यम दाण्याचा १८६ ग्रॅम. कॅलरी अनुक्रमे २०५ आणि २४२. कप तोच! लांब दाणे मोकळे राहतात, मधल्या फटींत हवा शिरते. आखूड, चिकट दाणे एकमेकांना बिलगून बसतात. तेव्हा बासमती खाणारा आणि इंद्रायणी खाणारा दोघंही 'एकच वाटी घेतली' म्हणत असले, तरी दोघांच्या पोटात सारखं गेलेलं नसतं. त्यात मूद पाडायची असली तर आणखी पंचाईत. वाटी हलक्या हाताने भरा, मग पळीच्या पाठीने दाबा. वर आणखी भात सहज मावतो. पानात पडते ती मात्र एकच मूद.

आता पाण्याचा हिशेब. १०० ग्रॅम भातात जवळपास ६८ ग्रॅम पाणीच असतं. म्हणून १०० ग्रॅम तांदळाचा साधारण २८० ग्रॅम भात होतो. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य धरलेलं आहे, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम. हे वजन कच्च्या धान्याचं. ताटात पडताना तांदळाचे १५० ग्रॅम चारशेच्या पुढे गेलेले असतात. जुना तांदूळ तर पाणी जास्त पितो, फुलतोही छान. पुरवठ्याला येतो म्हणतात तो उगाच नाही.

परदेशातल्या मराठी घरांत आणखी एक घोळ होतो, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. इलेक्ट्रिक राइस कुकरसोबत येणारा इवलासा कप १८० मिलिलिटरचा असतो, अमेरिकी कप साधारण २४० चा, ऑस्ट्रेलियातला २५० चा. कुकरचा कप हरवतो, मग हाताला लागेल त्या कपाने तांदूळ घेतला जातो आणि पाणी मात्र भांड्यातल्या खुणेपर्यंत. खूण १८० च्या हिशेबाने कोरलेली! भाताला कणी राहते आणि बोल लागतो तांदळाला.

हे १८० आलं कुठून? जपानच्या 'गो' या जुन्या मापातून. एक गो म्हणजे सुमारे १५० ग्रॅम तांदूळ. हजार गोंचा एक 'कोकू', म्हणजे दीडशे किलोच्या आसपास, एका माणसाची वर्षाची बेगमी. एदो काळात तिथल्या सरदारांची ऐपत याच कोकूंत मोजत. निदान दहा हजार कोकूंची जहागीर असली तरच 'दाइम्यो' म्हणवून घेता येई. कागा संस्थानाची तर दहा लाखांच्या वर होती.

आपल्याकडेही धान्य मापानेच घ्यायचं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. माप सपाट की शिगेचं, यावरून भांडणं ठरलेली. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आणली, तरी खेड्यांत पायली काही लगेच हटली नाही. पण ही सगळी मापं कच्च्या धान्याची. भात मोजायचा तो वाढणाऱ्याच्या हाताने, आणि तो हात नेहमीच सढळ.

तेव्हा तांदूळ खुशाल वाटीने घ्या, पाणीही त्याच वाटीने घाला. तिथे प्रमाण सांभाळलं की झालं. भात मात्र काट्यावरच तोलावा. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा लिहून ठेवा, भात झाला की पातेल्यासकट तोला, वजाबाकी करा आणि कच्च्या तांदळाच्या वजनाने भागा. उत्तर पावणेतीनच्या आसपास यायला हवं. दोनच्या आत आलं तर पाण्याचा हबका मारून पातेलं पुन्हा चढवा. साडेतीनच्या वर गेलं तर त्याला गुरगुट्या भात म्हणा आणि तूप-मेतकूट घालून वाढा.