मांडवातली माणसं: मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदा आणि त्यांचे स्वयंसेवक

दर महिन्याच्या ५ तारखेला जालन्याजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरतं. मोसंबीची फळगळ, द्राक्षाची छाटणी, सोयाबीनवरची कीड, त्या महिन्यात शेतात जो प्रश्न उभा असेल तो तिथे निघतो. तज्ज्ञ बोलतात, शेतकरी उलटे प्रश्न विचारतात, आणि ज्याला एखादी गोष्ट साधली तो ती सगळ्यांसमोर सांगून टाकतो. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली वाढलेल्या या केंद्राची आणि जिल्ह्यातल्या कडवंची गावच्या पाणलोट कामाची ख्याती जिल्ह्याबाहेर गेली ती यामुळेच. कडवंचीत शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि ते कसं केलं हे पाहायला गावोगावचे शेतकरी शिवारफेरीला येत राहिले.

मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत जालन्याचं पोरगं पहिल्यांदा पाऊल टाकतं, तेव्हा तिथलं इंग्रजी त्याला परकं वाटतं. रीत मात्र ओळखीची निघते. इथेही ज्याला जमलं तो सांगतो, न जमलेला विचारतो आणि कुणी काही झाकून ठेवत नाही. हा मांडव पगारी माणसांपेक्षा हौसेनं राबणारी माणसं जास्त उभा करतात. या परिषदांचा खरा परिचय द्यायचा तर व्यासपीठावरच्या वक्त्यांच्या आधी या माणसांचा द्यायला हवा, असं माझं मत आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे जालन्यात बियाण्याच्या भाषेत सांगितलं की चटकन कळतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि हे शहर संकरित बियाण्यांसाठी देशभर ओळखलं जाऊ लागलं. संकरित बी जोमदार, पण पुढच्या हंगामाला पुन्हा पिशवी विकत घ्यावी लागते. सरळ वाणाचं बी घरी राखता येतं, निवडून सुधारता येतं, शेजाऱ्याला देता येतं. सॉफ्टवेअरमध्ये हाच हक्क रिचर्ड स्टॉलमन यांनी मागितला. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली जीपीएल हा परवाना आला: वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र बदललेलं देताना त्याचा मूळ कोडही त्याच हक्कांसह द्या. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, लिनक्स, जगापुढे ठेवलं आणि नंतर याच परवान्याखाली आणलं. ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ झालं ते १९९८ पासून. पुढे हे वर्तुळ उलटही फिरलं. अमेरिकेतल्या काही पैदासकारांनी सॉफ्टवेअरवाल्यांकडून कल्पना घेऊन २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘खुल्या’ बियाण्यांची वाणं वाटली. आपल्याकडे शेतकऱ्याला बी राखण्याचा, अदलाबदल करण्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्यातच दिलेला आहे.

आता परिषदांकडे येतो. महाराष्ट्रात यातलं जुनं नाव म्हणजे पुण्याची ‘ग्नूनिफाय’. मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक अभ्यास संस्थेत, २००३ पासून, बहुधा फेब्रुवारीत ती भरत आली. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपची मंडळी पाठीशी असत आणि आयोजनाचा गाडा विद्यार्थी ओढत. याच पुण्यात फेडोरा या लिनक्स वितरणाची ‘फडकॉन’ दोनदा झाली: नोव्हेंबर २०११ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीओईपीत, आणि जून २०१५ मध्ये एमआयटीत. मुंबईत नोव्हेंबर २०११ मध्येच विकिपीडियाची पहिली भारतीय परिषद विद्यापीठाच्या फोर्टमधल्या दीक्षान्त सभागृहात झाली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये संकेतस्थळं उभारणाऱ्या ड्रुपल या मुक्त सॉफ्टवेअरची आशियातली पहिली ‘ड्रुपलकॉन’ पवईच्या आयआयटीत. वर्डप्रेसचे ‘वर्डकॅम्प’ तर आता अनेक शहरांत होतात.

फडकॉनची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. परिषद कोणत्या शहरात भरवायची याचे प्रस्ताव, खर्चाचा अंदाज, तयारीच्या बैठकांचे वृत्तांत, सगळं उघड्यावर लिहिलेलं असे. चहापाण्याला किती, टी-शर्टना किती, कुणाच्या प्रवासाला किती, हे कुणालाही वाचता येई. आपल्याकडच्या किती संमेलनांना हे झेपेल?

अशा परिषदेतला स्वयंसेवक करतो काय? सकाळी सातला, कुलूप उघडायच्या आधी, तो दारात असतो. नोंदणीच्या टेबलावर नावं शोधायची, गळ्यात अडकवायची ओळखपत्रं द्यायची, आयत्या वेळी आलेल्याचं नाव हातानं लिहायचं. दालनांच्या दिशेचे कागदी बाण भिंतीवर चिकटवायचे. वक्त्याचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून पाहायचा. इथे हमखास घोळ होतो, म्हणून जाणता स्वयंसेवक खिशात दोन-तीन तऱ्हेचे अडॅप्टर बाळगतो. भाषण सुरू झालं की पहिल्या रांगेत बसून ‘१० मिनिटं’, ‘५ मिनिटं’, ‘थांबा’ असे फलक दाखवायचे. वक्ता कितीही मोठा असो, वेळ संपली की त्याला थांबवायचं काम एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे असतं, आणि तो मुकाट्यानं थांबतो. प्रश्नोत्तरांत माइक घेऊन पायऱ्या चढायच्या. वायफाय पडलं तर शिव्या खायच्या. संध्याकाळी खुर्च्या रचून केबली गुंडाळायच्या.

डेबियन या लिनक्स वितरणाच्या जागतिक परिषदेत, डेबकॉनमध्ये, हे काम आणखी पुढे गेलेलं आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ती पहिल्यांदा भारतात, कोचीत झाली. तिथली भाषणं जगभर थेट दिसतात आणि ती दाखवणारा सगळा ताफा स्वयंसेवकांचा असतो. कॅमेरा एकाकडे, आवाज दुसऱ्याकडे, कोणतं चित्र पडद्यावर जाईल हे ठरवणारा तिसरा, वक्त्याची ओळख करून देणारा चौथा. थोडं प्रशिक्षण घेऊन परिषदेला आलेला कुणीही आपलं नाव त्या वेळापत्रकात घालू शकतो. सकाळी लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, भाषण देणारा माणूस दुपारी कॅमेऱ्यामागे उभा दिसतो. ब्रुसेल्सच्या फॉसडेमला तर प्रवेशशुल्क नाही आणि नावनोंदणीही नाही. दर वर्षी हजारो लोक विद्यापीठाच्या आवारात येतात आणि तो सगळा व्याप स्वयंसेवकच उचलतात.

जालन्याच्या विद्यार्थ्याला माझं सांगणं आहे की जायचं तर स्वयंसेवक म्हणून जा. नुसता श्रोता भाषणं ऐकतो, मागच्या रांगेत बसतो आणि कुणाशी न बोलता परत येतो. ओळख कुणाशी करून घ्यायची, इंग्रजी कसं बोलायचं, या धाकातच दिवस जातो. हातात काम असलं की तो धाक सुटतो. ज्याला पाणी नेऊन दिलं, ज्याची केबल जोडली, तो माणूस जेवणाच्या रांगेत आपणहून विचारतो, ‘कुठून आलास?’ तिथून पुढे एखाद्या प्रकल्पाचा पत्ता मिळतो, पहिला बग, म्हणजे दोष, दाखवला जातो, त्याच्या दुरुस्तीचा पहिला पॅच कसा पाठवायचा ते कळतं. यात तोटाही आहे, तो लपवू नये: ऐकायचं असलेलं एखादं भाषण दारावर उभं राहण्यात हुकतं. चित्रफीत नंतर पाहता येते. माणसं मात्र तेव्हाच भेटतात.

कोड लिहिता येत नाही म्हणून मागे राहायचंही कारण नाही. मराठीचंच बघा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक संगणकाला वेगळा शिकवावा लागला. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून निराळे, म्हणून अक्षरकुळात, म्हणजे फॉन्टमध्ये, त्यांची वेगळी सोय करावी लागते. अशा गोष्टी मराठी वाचणाऱ्याच्याच डोळ्यांना खुपतात. मुंबईत २००० च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्सने भारतीय भाषांतलं लिनक्स मनावर घेतलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेली लोहित अक्षरकुळं रेड हॅट या लिनक्स कंपनीमुळे मुक्त परवान्याखाली आली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने मुक्ता आणि बलू ही देखणी अक्षरं खुली केली. परिषदांना जोडून ‘योगदान दिवस’ असतो, त्यात भाषांतराचं टेबल हमखास मांडलेलं असतं. मेनूतले शब्द मराठीत आणणं, चुकीचं जोडाक्षर दाखवून देणं, मदतीची पानं सोपी करून लिहिणं, हे सगळं योगदानच धरलं जातं, आणि करणाऱ्याचं नाव त्यावर लागतं. मराठीची पदवी घेतलेल्या भोकरदनच्या मुलीला तिथे संगणक अभियंत्याइतकंच काम आहे.

पैशाचा प्रश्न खरा आहे. तरी तो वाटतो तेवढा मोठा नाही. वर्डकॅम्पची तिकिटं प्रायोजकांच्या बळावर मुद्दाम स्वस्त ठेवलेली असतात. डेबकॉन गरजूंना प्रवास, निवास आणि जेवणासाठी साहाय्य देते, त्यासाठी अर्ज करायचा. मुंबईला जालन्याहून जनशताब्दी आहे, डिसेंबर २०२३ पासून वंदे भारतही धावू लागली. पुण्याला एसटीनं छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर करत जाता येतं. फॉस युनायटेड ही संस्थाही अशा मेळाव्यांना हातभार लावते आणि तिची शहरोशहरी मंडळं आहेत. तिचं मूळ मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त सॉफ्टवेअरभोवती जमलेल्या गोतावळ्यात आहे. हिशेब आणि साठा सांभाळणारं हे सॉफ्टवेअर जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या रोलिंग मिलला किंवा बियाणं कंपनीला परवाना शुल्काविना बसवता येतं. ते बसवून देणारी, बिघडलं तर दुरुस्त करणारी मुलं इथली का असू नयेत?

माझी एक तक्रार मात्र या परिषदांबद्दल आहे. महाराष्ट्रात भरणाऱ्या परिषदेत मराठीतून भाषणं जवळजवळ नसतात. दालनातल्या निम्म्या लोकांना मराठी कळत असतं आणि तरी बोलणारा अडखळत इंग्रजीच बोलतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीसह अनेक भाषांत करून दाखवले. पायथन, लिब्रेऑफिस, लिनक्स मराठीतून शिकवता येतं हे सिद्ध झालेलं आहे. मग परिषदेतलं एक दालन, निदान अर्धा दिवस, मराठीला द्यायला काय हरकत आहे? आणि आपल्या महाविद्यालयांनाही एक सांगायचं आहे. दीपप्रज्वलन, सत्कार, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक यांत दीड तास घालवून तांत्रिक भाषणाला वीस मिनिटं ठेवायची रीत या कामात चालत नाही. स्वयंसेवकाला शाली-श्रीफळांची तबकं धरायला उभं करणं म्हणजे त्याचा दिवस वाया घालवणं.

परिषद पुण्या-मुंबईतच भरते, हे कारण जालन्याने फार दिवस सांगू नये. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जातो. हा दिन पहिल्यांदा २००४ मध्ये साजरा झाला आणि २००६ पासून तो या शनिवारी असतो. तो साजरा करायला कुणाची परवानगी लागत नाही. एक वर्ग, एक प्रोजेक्टर, लिनक्स घातलेले चार पेनड्राइव्ह आणि सात-आठ कामसू मुलं एवढ्यावर तो होतो. जालन्यात जेईएस आणि बारवाले महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, मत्स्योदरीचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र आहे. अंबड, परतूर, घनसावंगीच्या मुलांना सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतता येईल इतकं ते जवळ आहे. यातल्या एका तरी ठिकाणच्या प्राध्यापकांनी येत्या सप्टेंबरचा तो शनिवार आजच राखून ठेवावा, आणि निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांच्या आधी स्वयंसेवकांची नावं छापावीत.