टॉमकाकाचे वाचक

घरात एक पुस्तक सापडले, एवढ्या अपराधासाठी माणसाला १० वर्षांचा तुरुंगवास! अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १८५७ साली हे खरोखर घडले. सॅम्युएल ग्रीन हा स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थ धर्मोपदेशक होता. पळून जाणाऱ्या गुलामांना तो साहाय्य करतो, असा वहीम होता; पण तो शाबीत होईना. झडतीत मात्र एक कादंबरी हाती लागली आणि तेवढ्यावर न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावली. पुढे १८६२ साली, राज्य सोडून जाण्याच्या अटीवर, त्याची सुटका झाली.

ती कादंबरी म्हणजे हॅरिएट बीचर स्टो या बाईंची ‘अंकल टॉम्स केबिन’. सात मुलांची आई असलेल्या या लेखिकेने प्रपंचाच्या रगाड्यातून वेळ काढून ती लिहिली. १८५० साली पळालेल्या गुलामांना धरून परत करण्याचा कडक कायदा झाला होता आणि त्यांना आसरा देणे हाही गुन्हा ठरला होता. त्याच्या आदल्याच वर्षी बाईंचे दीड वर्षाचे मूल पटकीने दगावले होते. ज्या आईचे मूल तिच्या डोळ्यांदेखत विकले जाते तिला काय वाटत असेल, हे आपल्याला त्या लहानग्याच्या मरणाने कळले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. १८५१ च्या जूनपासून वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल ईरा’ या साप्ताहिकात कथा क्रमशः येऊ लागली. मार्च १८५२ मध्ये तिचे पुस्तक झाले आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत सुमारे तीन लाख प्रती खपल्या. इंग्लंडात तर खपाने दहा लाखांचा आकडा ओलांडला.

वाचकांच्या अश्रूंना त्या काळी पारावार राहिला नाही. बर्फाचे तुकडे वाहत असलेली ओहायो नदी मुलाला कवटाळून ओलांडणारी एलायझा घरोघरच्या स्त्रियांना आपलीच लेक वाटली. इंग्लंडातील पाच लाखांहून अधिक स्त्रियांनी अमेरिकन भगिनींना उद्देशून एका विनंतिपत्रावर सह्या केल्या. त्या सह्यांचे २६ जाडजूड खंड बांधून बाईंना अर्पण करण्यात आले. या कामी सदरलंडच्या डचेस पुढे होत्या. त्यावर अमेरिकेचे माजी अध्यक्ष टायलर यांच्या पत्नीने १८५३ साली जाहीर उत्तर दिले. त्याचा मथितार्थ असा की, बायांनो, आधी आपल्या देशातील दरिद्री लोकांकडे पाहा, मग आम्हाला शिकवा. उत्तर देणारी स्वतः गुलामांची मालकीण होती, तेव्हा तिच्या तोंडी हा उपदेश शोभत नव्हता. पण सदरलंड घराण्याने आपल्या स्कॉटलंडमधील जमिनीवरून हजारो कुळांना हुसकून लावले होते, हेही खोटे नव्हते. दूरच्या दुःखासाठी रडणे सोपे असते. या कादंबरीच्या वाचकांची कहाणी मला तेथूनच खरी वाचनीय वाटू लागते.

ज्यांच्याविषयी ती लिहिली गेली त्या कृष्णवर्णीय वाचकांचे काय? फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून निसटलेले. त्यांनी आपल्या पत्रातून कादंबरीचा गौरव केला. मार्टिन डिलेनी यांनी त्याच पत्रात १८५३ साली तिच्यावर कडक आक्षेप घेतले. आमच्या लोकांविषयी गोऱ्यांनी लिहावे आणि आम्ही ऐकावे, हे त्यांना मान्य नव्हते. शेवटी जॉर्ज आणि एलायझा यांना आफ्रिकेतील लायबेरियाला रवाना करण्याची युक्तीही त्यांना रुचली नाही. पुढे त्यांनी बंडाची भाषा बोलणाऱ्या नायकाची स्वतःची कादंबरीच लिहिली. शंभर वर्षांनी, १९४९ साली, जेम्स बॉल्डविन या तरुण लेखकाने या पुस्तकाच्या भावविवशतेवर जो निबंध लिहिला तो तर आजही झोंबतो. ‘अंकल टॉम’ हे नाव तोवर लाचार माणसाला द्यायची शिवी होऊन बसले होते.

हा आरोप मूळ कादंबरीवर पुरता लागू पडत नाही, असे माझे मत आहे. नाटकवाल्यांनी टॉमला पाठीत वाकलेला, हांजीहांजी करणारा म्हातारा केला. पुस्तकातला टॉम धिप्पाड, भर उमेदीतला, लहान मुलांचा बाप आहे. मालकाने सांगितले तरी एका दुबळ्या स्त्रीवर तो चाबूक उचलत नाही. आणि पळालेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगण्यापेक्षा मार खाऊन मरण पत्करतो. असा माणूस लाचार कसा? पण डिलेनींचा दुसरा मुद्दा मात्र उरतोच. लेखिका टॉमला थोर करते ती त्याच्या सहनशीलतेमुळे. आणि सोसणाऱ्याची सहनशीलता इतरांना फार सोयीची असते.

येथे अनुवादकाची एक अडचण सांगितली पाहिजे. ‘अंकल’ म्हणजे काका, हे शाळकरी पोरही सांगेल. मराठीत ‘काका’ म्हटले की नाते जडते, आदर येतो. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र गोरी माणसे वयस्क कृष्णवर्णीयाला ‘अंकल’ म्हणत ती त्याला ‘मिस्टर’ म्हणावे लागू नये म्हणून! म्हणजे मान चुकविण्यासाठी योजलेला शब्द आमच्या भाषेत येताच मान देऊ लागतो. आपल्या खेड्यांत याच हेतूने नात्याचा शब्दही वापरीत नसत. पाटलाचा दहा वर्षांचा मुलगा सत्तरीच्या महाराला सरळ ‘अरे’ म्हणे. अनुवाद प्रामाणिक करायचा तर टॉमला ‘ए टॉम्या’च म्हणावे लागेल, पण तसे शीर्षक कोणता प्रकाशक छापील?

करोल बागेत आमचे काम चालते त्या परिसरात मराठी कुटुंबे विखुरलेली आहेत. सांगलीकडून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी आलेली काही घरे सराफकट्ट्याच्या आसपास आहेत, तर काही नोकरीपेशातली. या विषयावर लिहायचे ठरल्यावर मी काही घरी सहज चौकशी केली. एका आजींना एलायझाची नदी लख्ख आठवत होती, शेवट मुळीच आठवत नव्हता. त्यांनी लहानपणी मुलांसाठी केलेला संक्षेप वाचला होता. मूळ पुस्तकाची ४५ प्रकरणे. संक्षेपकर्त्यांची कात्री बहुधा वादविवादांवरच चालते. कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्या नातवाला ‘अंकल टॉम’ ही शिवी माहीत होती, पुस्तक नव्हे. गलाई करणाऱ्या घरातील एक बाई मात्र पुस्तक न वाचताच नेमके बोलल्या. मी कथा सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “त्याला विकले तेव्हा त्याच्या बायकोचे काय झाले?” टॉमची बायको क्लोई नवऱ्याला सोडवून आणण्यासाठी मिठाईवाल्याकडे राबून पैसे साठविते आणि ते पैसे तसेच राहतात, हे मला त्यांना सांगता आले, पण एवढ्या टीकाग्रंथांत हा प्रश्न प्रथम विचारणारे थोडेच.

जवळच रैगरपुरा आहे. चामड्याचे काम करणाऱ्या रैगर समाजाच्या नावाने ही वस्ती वसली. ती पाहिली की महाराष्ट्रातील एका वाचकाची आठवण होते. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे त्याग केला त्यांना अर्पण केले. माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छाही त्यात व्यक्त केली. सातासमुद्रांपलीकडची बातमी वाचून हा वाचक रडत बसला नाही. त्याने तोच शब्द उचलून आपल्या उंबरठ्यावर ठेवला. धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून शूद्रातिशूद्रांची दास्यकथा त्याने मांडली.

त्याच्याही आधी, १८५५ साली, अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. मांगांना तेलशेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरीत, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसते, असे ही चौदा-पंधरा वर्षांची मुलगी लिहिते. स्टो बाईंना दुसऱ्याच्या दुःखाची कल्पना करावी लागली. मुक्ताला तशी गरज पडली नाही.

आपल्याकडे गुलामगिरी नव्हती, असे म्हणणारे वाचक अजून भेटतात. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. त्या विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात. १८४३ च्या कायद्याने कोर्टांनी गुलामांवरील मालकी मानणे बंद केले. पुढे दंडसंहितेने ती खरेदीविक्री गुन्हा ठरविली. ‘बटीक’ हा शब्द मात्र भांडणात अजून ऐकू येतो, आणि पत्त्यांच्या डावात ‘गुलाम’ राणीच्या खालीच बसतो.

वेठ तर विसाव्या शतकातही चालली. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतलेला वारली आपल्या बायकोसह मालकाकडे राबत राही, बहुधा जन्मभर. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि फुकट राबायचे नाही, असे त्यांनी ठरविले. त्यांच्यात काम करणाऱ्या गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या. त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

ही दोन्ही पुस्तके एका पाठोपाठ एक वाचून पाहावीत, असे गृहिणी वाचकांना सुचवावेसे वाटते. दोन्ही स्त्रियांनी लिहिलेली, दोन्ही दास्याविषयी. पण एकीत वाचकाला मदतीसाठी हाक आहे, तर दुसरीत ज्यांना हाक मारायची तेच आधी उठून उभे राहिले आहेत आणि लेखिका त्यांच्या मागोमाग लिहिते आहे. टॉमला मरणाआधी एकदाच मालकाचा मुलगा सोडवायला येतो, तोही उशिरा. झरीला कोणाची वाट पाहिली गेली नाही.