पुंजीच्याही नांग्या भराव्या लागतात
— ऊस विकास अधिकारी



एरवी या पानावर मी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आज जरा निराळा विषय घेतला आहे. उतारवयासाठी आपण जी पुंजी राखून ठेवतो, तिच्या मशागतीचा. शेतकऱ्याला नोकरदारासारखी पेन्शन नाही. अंगात रग आहे तोवर ऊस, पुढे काय? हा प्रश्न बांधावर बसलं की निघतोच.

माझे वडीलही ऊस उत्पादक सभासद. २०१३ साली त्यांनी शेती धाकट्या भावाच्या हाती दिली. त्यांची पुंजी मी निम्मी बँकेच्या ठेवीत आणि निम्मी शेअर बाजाराच्या म्युच्युअल फंडात लावून दिली. ठेवीचे व्याज घरखर्चाला जाई, म्हणून ठेव होती तेवढीच राहिली. बाजार मात्र चढत गेला. २०१९ अखेर हिशोब केला तर शंभरातले सत्तर रुपये फंडात! दादा म्हणाले, "अरे, एक बाजू जड झालीय. थोडं काढून ठेवीत टाकू का?" मी म्हणालो, "वाढतंय ते कशाला मोडायचं? राहू द्या."

जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या घरात होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्याही खाली आला. एप्रिलमध्ये दादा आजारी पडले. ठेव दवाखान्यात संपली आणि उरलेल्या बिलासाठी पडत्या भावात फंड मोडावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाजार पुन्हा पूर्वीच्या उंचीवर गेला, पण आम्ही विकले ते विकलेच. दादा बरे झाले. मला रागाने काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "लोकांना नांग्या भरायला सांगत फिरतोस, घरच्या नांग्या दिसल्या नाहीत व्हय?"

ते शब्द मनाला लागले, कारण ते खरे होते. लागणीनंतर तीन-चार आठवड्यांनी आपण सरीतून फिरतो, तूट दिसेल तिथे रोप लावतो. कुठला कोंब जोमाने आला म्हणून बाकीच्या रिकाम्या जागा कोणी तशाच सोडत नाही. पुंजीचेही तसेच आहे. एकदा प्रमाण ठरवायचे, वर्षातून एकदा पाहायचे, आणि बिघडले असेल तर जागेवर आणायचे. काम एवढेच.

हिशोब असा मांडावा

समजा, एका सभासदाने १० लाख रुपये असे विभागले: ६ लाख सुरक्षित ठेवींत, ३ लाख शेअर फंडात, १ लाख सोन्यात. म्हणजे ६०, ३० आणि १० असे प्रमाण. काही वर्षांनी ठेवी साडेसहा लाख, फंड ५ लाख आणि सोने दीड लाख झाले. एकूण १३ लाख. ठरल्या प्रमाणाने ठेवी ७ लाख ८० हजार, फंड ३ लाख ९० हजार आणि सोने १ लाख ३० हजार हवे. तेव्हा फंडातून १ लाख १० हजार आणि सोन्यातून २० हजार काढून ठेवींत टाकावेत. प्रमाण पुन्हा जागेवर.

उलट बाजार पडला तर ठेवीतून थोडे फंडाकडे न्यावे लागते. त्या वेळी मन कचरते, पण महाग असताना विकणे आणि स्वस्त असताना घेणे हे यातून आपोआप घडते. मात्र पुढल्या दोन-तीन वर्षांचा घरखर्च आणि औषधपाणी यांच्या पैशाला त्यासाठीही हात लावू नये.

शंभरात दोन-तीन रुपयांच्या फरकासाठी धावपळ नको. पाच रुपयांहून अधिक फरक पडला तरच हालवाहालव करावी. ज्यांचे ऊसबिल अजून येते, त्यांना मोडामोडीचीही फारशी गरज नाही. नवा हप्ता आला की जी बाजू कमी पडली तिकडेच टाकावा. विक्री नाही, म्हणून विक्रीवरचा करही नाही.

काही सूचना

राहते घर, जमीन, कारखान्याचा शेअर आणि घरातल्या बायकांचे दागिने या हिशोबात धरू नयेत. अडचणीत ते चटकन मोडता येत नाहीत, आणि मोडूही नयेत.

सुरक्षित म्हणजे कोठे, हेही पाहावे. बँकेतील ठेवीला विमा असतो. २०२० पासून त्याची मर्यादा एका ठेवीदारास एका बँकेत मूळ व व्याज मिळून ५ लाख रुपये आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तरी ते एकत्रच मोजतात. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही. दोन टक्के जास्त व्याज दिसले म्हणून सगळी पुंजी तिथे नेऊ नये.

साठी पूर्ण झालेल्यांसाठी पोस्टात व बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. मुदत ५ वर्षे, व्याज दर तीन महिन्यांनी हातात. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख रुपये केली आहे.

वय वाढेल तसा फंडाचा वाटा उतरवत जावा. ताकद ओसरलेल्या खोडव्यावर आपण सारा भरवसा टाकत नाही, तसेच हे.

दिवस एकच धरावा. आमच्या घरी आता दिवाळी पाडव्याला वही निघते. आकडे मी वाचतो, बेरीज दादा करतात, आणि घरातल्या सर्वांना कोणते कागद कोठे आहेत ते दाखवतात. अर्ध्या तासाचे काम. येत्या पाडव्याला आपणही वही उघडावी, आणि कोठे तूट दिसली तर नांगी वेळेवर भरावी, ही विनंती.