दगडफूल दगडावरच नसतं

परवा आत्याकडे, महाबळेश्वरजवळच्या तिच्या गावी गेले होते. रात्री वारा सुटलेला, त्यामुळे सकाळी अंगणात जांभळीच्या काटक्यांचा सडा. बंबात घालायला त्या गोळा करताना एकीवर राखाडी, झालरीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. ''टाक गं, बुरशी लागलीय,'' आत्या म्हणाली. मी नखाने उलटून पाहिलं, तर खालून काळं कुळकुळीत! अगं बाई, हे तर आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल!

आत्याचं अगदीच चुकलं नव्हतं हं. पुस्तकात याला शैवाक म्हणतात. बुरशी आणि शेवाळ यांचा हा एकत्र संसार. शेवाळ उन्हावर अन्न बनवतं, बुरशी त्याला आसरा देते. श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये हे सांगितलं, तेव्हा बऱ्याच जाणकारांना ते पटलंच नव्हतं.

मग काय, बंब राहिला बाजूला! आत्याचं पोथी वाचायचं भिंग आणलं. दुसऱ्या काटकीवर चुन्याचा शिंतोडा उडावा तसा पांढरा डाग होता, सालीला इतका घट्ट की नखाने निघेना. त्यावर बारीक काळ्या रेघोट्या, कुणी मोडी लिहावी तशा. हाही शैवाकच. तिसरीवर हिरवट दाढीचा झुबका. राखाडी झालरीवर पाण्याचे चार थेंब टाकले, तर ती बघता बघता हिरवी झाली. आतलं शेवाळ दिसायला लागलं ना!

''यानेच फांद्या वाळतात,'' आत्याची शंका. तसं नाही. शैवाक झाडाचा रस शोषत नाही, नुसता सालीवर बसतो. पानं झडलेल्या फांदीवर ऊन जास्त येतं, म्हणून तिथे तो फोफावतो आणि आळ बिचाऱ्यावर येतो.

फोफावतो म्हणजे तरी किती? वर्षाला काही मिलिमीटर. बाजारातलं दगडफूल शेतात पिकत नाही, जंगलातूनच गोळा होतं, बरंचसं हिमालयातल्या झाडांवरून. आपण मूठभर सहज मोजून घेतो, त्यात कितीतरी वर्षांची वाढ असते.

मी उत्साहाने उभ्या झाडाचंही खरवडायला निघाले, तर आत्यानेच हात धरला. ''पडलेलं बघ की, ते काय कमी आहे?''

अंगणातलं मसाल्यात मात्र घातलं नाही. सारखी दिसणारी बरीच असतात आणि सगळीच खाण्याजोगी नसतात. काटकी तेवढी पिशवीत घालून आणली. भिंग आत्याने ठेवून घेतलं, तिला अजून पेरूखालच्या काटक्या बघायच्यात.