गळ, वल्हं आणि हिंजवडी

हिंजवडीत पाणी म्हटलं की आधी जुलैतला फेज टूचा रस्ता आठवतो. तिथे नौकाविहार फुकट आहे, पण त्याला लाइफ जॅकेट मिळत नाही. तेव्हा ते सोडून खऱ्या पाण्याकडे वळू. आयटी पार्कच्या उत्तरेला पवना, दक्षिणेला मुळा. दोन नद्यांच्या मधोमध बसून लोक शनिवारी मॉलमध्ये पार्किंग शोधत फिरतात. रविवारी पहाटे निघालात तर मुळशीचं किंवा पवनेचं धरण तास-सव्वातासात गाठता येतं. गळ आणि वल्हं पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी ही थोडी शिदोरी.

पश्चिमेला पळणारी मुळा

शाळेत शिकलो की मुळा मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. मुळशीच्या तलावातलं पाणी मात्र हा नकाशा मानत नाही. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते बोगद्यातून सह्याद्रीच्या कड्याखाली, थेट कोकणातल्या भिऱ्याला उतरतं. भिऱ्याचं वीजघर 1927 पासून चालू आहे. वीज करून झाली की पाणी कुंडलिकेत सुटतं आणि त्याच लोंढ्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. म्हणून तिथे सकाळी वेळेवर हजर राहावं लागतं. पाणी सोडायची वेळ वीजघर ठरवतं, राफ्टवाले नाहीत. वाकडच्या पुलाखालून जाऊ शकलं असतं असं पाणी तुम्हाला कोलाडला गार शिंतोडे देतं.

या धरणाला जुनं दुखणंही आहे. इथल्या मावळ्यांनी 1921 मध्ये जमिनीसाठी सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. मुळशीच्या काठावर कॅम्पिंगच्या खुर्च्या मांडताना एवढं माहीत असलेलं बरं.

राजाने लिहिलेली मासेमारी

गळाची मासेमारी ही साहेबांनी आणलेली चैन आहे, असा एक समज आहे. इंग्रजांचं या विषयातलं लाडकं पुस्तक म्हणजे आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’, साल 1653. त्याच्या पाचशे वर्षं आधी, 1129च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाने जिवाला विरंगुळा म्हणून काय काय करावं, याची लांबलचक यादी आहे आणि तीत ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. मासे कोणकोणते, ते कुठे राहतात, त्यांना काय खाऊ घालावं, गळ कसा टाकावा, सगळं त्यात आहे. मासेमारीवर लिहिणारा राजा होता, हे घरी सांगून बघा. रविवारची परवानगी मिळायला मदत होईल.

तीन मजल्यांचा तलाव

आता कामाची गोष्ट. धरणात गळाला लागण्याची शक्यता असलेले मोठे मासे म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. तिघं एकाच तलावात राहतात, पण आयटी टॉवरमधल्या तीन कंपन्यांसारखे आपापल्या मजल्यावर. कटला वरच्या पाण्यात चरतो, म्हणून त्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं. रोहू मधल्या पाण्यात. मृगळ तळाशी, गाळ उकरत. त्यामुळे ‘आज मासाच नाही’ असं म्हणण्याआधी दोरीवरचं बूच वर-खाली सरकवून पाहा. बूच सरकवलं की आमिषाची खोली बदलते आणि वेगळ्याच मजल्याची घंटा वाजते.

आमिषाला परदेशी डबे आणायची गरज नाही. कणकेचा घट्ट गोळा, त्यात शेंगदाण्याची पेंड मळून. किंवा गांडूळ. जुने लोक पेंड आंबवून तिचे गोळे आधी पाण्यात टाकतात आणि मासे जमू देतात. वास तुमच्या गाडीला आठवडाभर राहतो, पण माशांना आवडतो.

या तिघांपैकी एकही इथला मूळ रहिवासी नाही. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे, दख्खनच्या धरणांत बीज सोडून आणलेले. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. मग एवढं बीज येतं कुठून? ओडिशातल्या अंगुळला 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. तोच 10 जुलै आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तुमच्या ताटातल्या रोहूची वंशावळ बहुधा इंजेक्शनपर्यंत जाते.

आणखी थोडं माशांच्या अंगाचं. रोहूच्या तोंडात बोट घातलं तर चावत नाही, कारण दात जबड्यात नसून घशात असतात. शिंगटीच्या जातीचे मासे मिशांनी चव घेतात. चिलापीची मादी अंडी तोंडात ठेवून उबवते. मरळ वर येऊन हवेचा घोट घेते, म्हणून चिखलातही तगते, आणि नर-मादी दोघं पिल्लांच्या घोळक्यावर पहारा देतात. त्या दिवसांत मरळ आमिषावर झडप घालते ती भुकेपेक्षा रागाने. अशी मरळ पकडणं म्हणजे अख्खं घर पोरकं करणं. मी तरी ती सोडून द्यावी असंच म्हणेन.

आणि हो, काठावर लाल टी-शर्ट घालून ताठ उभे राहू नका. पाण्याखालून माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे काठावरचा माणूसही त्या खिडकीच्या कडेला उमटतो. खाली बसलात की तुम्ही त्या कडेच्या अगदी पातळ पट्टीत दबता आणि सहसा नजरेत भरत नाही. काठावर उकिडवे बसणारे भोई काका हे प्रकाशशास्त्र न शिकता पाळतात. पाय आपटणंही टाळा. माशांच्या दोन्ही कुशींवर कंपनं टिपणारी रेघ असते.

लॅटिनमध्ये शिरलेली मराठी

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. दख्खनभर फिरताना त्याने मासेही गोळा केले, कोळ्या-भोयांना त्यांची नावं विचारली आणि 1839 मध्ये तीच नावं शास्त्राच्या हवाली केली. टॉर खुद्री, मिस्टस सींगटी, फुलुंगी, नुक्ता. यातली खुद्री त्याने पुण्याजवळ मुळा-मुठेतून घेतली होती आणि नाकावर टेंगूळ असलेला नुक्ता इंद्रायणीतून. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात या माशांच्या बाटलीवर आजही मराठमोळं नाव आहे, स्पेलिंग तेवढं साहेबी.

या यादीत पुढे सर्वांत झकास भर घातली ती सी. व्ही. कुलकर्णी यांनी. कोल्हापुरात पंचगंगेतल्या एका लहानशा माशाला त्यांनी 1952 मध्ये नाव दिलं: खवलचोर. हा पठ्ठ्या दुसऱ्या माशांची खवलं ओरबाडून खातो. गुन्हा थेट नावातच नोंदलेला मासा दुसरा नसावा.

महासीर, म्हणजे खुद्रीच

हेच कुलकर्णी पुढे राज्याच्या मत्स्यखात्याचे संचालक झाले आणि निवृत्तीनंतर लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशी महासीरच्या मागे लागले. साइक्सची खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर, गळ टाकणाऱ्यांचं स्वप्न. धरणांनी नद्या अडवल्या, नदीत सुरुंग फोडून मासे मारले गेले, आणि हा मासा झपाट्याने कमी झाला. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी 1970च्या दशकात तो वळवणला कृत्रिम रीतीने वाढवून दाखवला. तेव्हापासून तिथून लाखोंनी पिल्लं देशभरच्या पाण्यांत गेली. खुद्री जागतिक लाल यादीत एकेकाळी ‘संकटग्रस्त’ होती. आज ती चिंतेच्या बाहेर आहे.

इथे गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. पण ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली आणि कावेरीचा स्वतःचा एक महासीर होता, पाठीवर कुबड असलेला, या कुळातला दांडगा. बाहेरून आलेल्या भावंडांनी नदी भरली आणि कुबडवाला मागे पडला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. हे कळलं कसं, तर कावेरीकाठच्या मासेमारी छावण्यांत हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या नोंदींवरून. किती मासे, कोणते, केवढे. शास्त्रज्ञांनी त्या वह्या चाळल्या आणि एक मासा नाहीसा होत चालल्याचं दिसलं. म्हणून नवख्याने काठीबरोबर एक वहीही घ्यावी. तारीख, जागा, मासा, लांबी. मोबाइलमधली एक्सेलही चालेल, हिंजवडीत तिला तोटा नाही.

महासीर पाहायचा असेल तर गळाचीही गरज नाही. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनीचे मासे म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले आहेत. लोक चुरमुरे टाकतात, मासे वर येतात आणि कुणी त्यांना हात लावत नाही.

वल्हं मारायला शिकायचं तर

दुष्काळी गावातल्या मुलाने वल्हं मारून ऑलिंपिक गाठावं, ही गोष्ट पुण्यातच घडली. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. 2012 मध्ये सैन्यात आला, तिथे पहिल्यांदा रोइंग पाहिलं आणि पुण्यात आर्मीच्या रोइंग केंद्रात तयार झाला. चार वर्षांनी, 2016 मध्ये, रिओला एकट्याच्या शर्यतीत तो तेरावा आला. 2018च्या आशियाई स्पर्धेत तब्येत बिघडल्याने एकट्याच्या अंतिम शर्यतीत शेवटचा आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या शर्यतीत सुवर्णपदक. तेव्हा ‘या वयात कुठे शिकायचं’ ही सबब त्याच्यासमोर चालायची नाही.

रोइंगची गंमत अशी की नाव पुढे जाते आणि तुम्ही मागे बघत असता. शर्यत जिंकणाऱ्याला हरणारे समोर दिसतात. जोर दंडांपेक्षा पायांचा लागतो, कारण बैठक पुढे-मागे सरकते. कयाकमध्ये उलट, तोंड पुढे आणि वल्ह्याला दोन पाती. नवख्याने कयाकपासून सुरुवात करावी. समोर काय येतंय ते तरी कळतं.

पुणेकरांना हे नवं नाही. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या मुलांचा रेगाटा 1928 पासून नदीत होतो, कयाक आणि पंटच्या कवायतींसह. बंडगार्डनचा बंधारा जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून झाला, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी थोपलं आणि बोटी आल्या. बोट क्लब रोड हे नाव त्यातूनच पडलं. त्या रस्त्यावर आज किती जणांकडे बोट आहे, हे विचारू नये. नदीत जलपर्णी माजलेली असते, मूळची अ‍ॅमेझॉनकडची, दिसायला जांभळी-देखणी आणि वल्ह्याची वैरीण.

बोटीत चढताना मधोमध पाय ठेवा, लगेच खाली बसा आणि सेल्फीसाठी उभे राहू नका. बहुतेक बोटी याच क्षणी उलटतात.

पाण्याखाली काय आहे

धरण म्हणजे स्विमिंग टँक नव्हे. खाली बुडालेली शेतं, बांध, झाडांचे बुंधे, विहिरी. पवनेच्या पाण्यात वाघेश्वराचं जुनं देऊळ बुडालेलं असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्यात दोन पावलांवर कडा असू शकतो आणि गाळात पाय रुतला तर पट्टीचा पोहणाराही अडकतो.

दुसरा धोका वाऱ्याचा. उजनीत 21 मे 2024 रोजी संध्याकाळी वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. एप्रिल-मेमध्ये वळीव दुपारनंतर उठतो. काठावरच्या माणसाने ‘आता बाहेर या’ म्हटलं तर वाद घालू नका. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं, सगळे पट्टे ओढून. खांद्याला धरून वर उचललं आणि ते कानापर्यंत आलं, तर ते सैल आहे.

विचारल्याशिवाय नको

गळ टाकण्याआधी चौकशी करा. धरणातले मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात, आणि धरणाच्या भिंतीजवळ जाण्यास मनाई असते. संस्थेच्या माणसाला भेटलात तर परवानगीबरोबर कुठल्या खाडीत काय लागतं, हेही कळतं. यूट्यूबवर ते मिळणार नाही. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

पहिल्या पावसात मात्र काठी भिंतीला टेकवा. मृगाच्या सरींत ओढे फुगले की पोटात गाबोळी घेऊन मासे उलट्या पाण्याने वर चढतात. चढणीचे मासे म्हणून मावळात त्यांची चव सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि खोटं का बोला, चव असतेच. पण त्या दिवसांत पकडलेला एक मासा म्हणजे हजारो पिल्लं कमी. गळ, रीळ आणि बूच तेवढ्यात साफ करून ठेवा. ऑक्टोबरात पाणी निवळलं की पहाटे साडेपाचला निघा, म्हणजे फेज थ्रीच्या सिग्नलला कुणी नसेल.